तांबडा खिळा

१

गोट्याची बडबड बंद पडली, तेव्हाच बाईंच्या काळजात चर्र झालं. हा मुलगा झोपेतही बोलत असणार, असा साऱ्या सातवीच्या वर्गाचा संशय होता. तो आता रांगेच्या सर्वांत पुढे, तळ्याच्या काठावर, हातात रिकामी बाटली धरून खांबासारखा उभा होता.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "हे सगळे मेलेत का हो?"

सगळे मेले होते. या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यावर माशांची पांढरी पोटं तरंगत होती. मोठे मासे, मधले मासे, बोटाएवढी पिल्लं. एक बगळा काठावर बसून नुसता बघत होता, चोच लावत नव्हता. मागे कुणीतरी रडायला लागलं.  इतकी वर्षं बाई फळ्यावर 'जलप्रदूषण' लिहून त्याखाली दोन रेघा मारत आल्या होत्या. त्या शब्दाला आजवर कधी असा वास आला नव्हता.

खरं तर सहल अगदी साधी होती. शाळा टेकाडावर. टेकाडाच्या डाव्या अंगाने एक ओढा उतरतो, उजव्या अंगाने दुसरा, आणि दोघे खाली या तळ्यात येऊन मिळतात. पाणलोट क्षेत्र म्हणजे काय हे मुलांना चालत चालत कळावं, म्हणून बाई दर वर्षी त्यांना टेकाडावरून खाली आणत. डाव्या ओढ्याची एक बाटली, उजव्याची एक आणि तळ्याची एक भरून घेत. बाटली पाण्यात बुडावी म्हणून तिच्यात एक जाड लोखंडी खिळा टाकलेला असे. दोन बाटल्या येतानाच भरून झाल्या होत्या. उन्हाळ्यामुळे ओढे आटले होते, नुसती डबकी आणि त्यांना जोडणारी पाण्याची बारीक रेघ उरली होती.

"वर बघा!" गोट्याला एकदाचा कंठ फुटला. "बाई, तुम्हीच सांगता ना, घाण खाली दिसली की वर बघा म्हणून?"

सगळ्या माना डावीकडे वळल्या. डाव्या ओढ्याचं पाणी निळसर होतं. ते नेहमीच निळसर असे, कारण त्या ओढ्यावर कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याची शेड होती. मग सगळ्या माना पुन्हा वळल्या, या वेळी रांगेच्या शेवटाकडे. तिथे रंगाऱ्याची मुलगी उभी होती. तिला वर्गात सगळे निळी म्हणत, कारण बापाला मदत करून तिची नखं कायम निळी असत.

निळीने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

२

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. मुलं घरी पोहोचण्याआधी ती घरी पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी रंगाऱ्याच्या शेडच्या खिडकीवर दगड मारला.

वर्गाच्या मागच्या बाजूला मुलांनी शाडूचं गावाचं मॉडेल केलं होतं. मधे टेकाड, त्यावर शाळेचा ठोकळा, दोन बाजूंना दोन ओढे, खाली आरशाच्या तुकड्याचं तळं. जिथून घाण पाण्यात जाते तिथे लाल कागदाचा झेंडा टोचायचा, असा खेळ. बाई वर्गात आल्या तेव्हा रंगाऱ्याच्या शेडवर झेंडा टोचलेला होता. एक नाही, मूठभर. शेड दिसतच नव्हती.

"हे कुणी केलं?"

 निळी आपल्या बाकावर ताठ बसली होती. ती रडत नव्हती, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

"बाई, तुम्हीच शिकवलंत ना, वर बघायला?" ती म्हणाली. "मग आता माझ्या बाबांचं काय होणार?"

बाईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं. शिकवलं त्यांनीच होतं.

हेडसर मात्र खुशीत होते. "वा बाई, वा! सातवीच्या पोरांनी गुन्हेगार शोधला. शाळेचं नाव होणार!" ते हात चोळत म्हणाले. "उद्या संध्याकाळी गावच्या समितीची माणसं शेडला टाळं ठोकायला जाणार आहेत. तुमचं हे मॉडेल मी तिथे घेऊन जातो. पुरावा म्हणून."

"सर, आपण अजून बाटल्या तपासल्यासुद्धा नाहीत."

"निळ्या पाण्यात आणखी काय तपासायचं? ते सोडा. जुनी रसायनं तपासायला माणसं येणार आहेत ती याच आठवड्यात, लक्षात आहे ना? कपाटात मुदत संपलेलं काही सापडलं तर जबाबदारी तुमची. मागच्या वेळी दुसऱ्या शाळेत एका बाईंना घरी बसवलंय."

त्या तपासणीची तलवार महिनाभर बाईंच्या डोक्यावर टांगलेली होती. घरी जेवताना त्यांनी त्यावरून बाबांपुढे किती वेळा कुरकुर केली असेल! बाबा म्हणजे त्यांचे वडील. याच शाळेत त्यांच्या आधी शास्त्र शिकवणारे. अख्खं गाव त्यांना अजून नुसतं 'मास्तर' म्हणायचं. निवृत्त झाले तरी दर रविवारी मुलीच्या चाव्या घेऊन शाळेत जात आणि जुने सूक्ष्मदर्शक पुसत बसत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण हौस दांडगी.

मॉडेलसमोर उभ्या असलेल्या बाईंना बादलीचा धडा आठवला. तो बाबांचाच शोध. शाळेचं पटांगण बरोबर टेकाडाच्या माथ्यावर. मधोमध एक पांढरी रेघ मारलेली. दर वर्षी त्या रेघेवर बादली ओतायची. अर्धं पाणी डाव्या ओढ्याकडे, अर्धं उजव्या ओढ्याकडे. 'थेंब पडतो तिथेच त्याचा पत्ता ठरतो,' असं बाबा म्हणायचे. या वर्षी मात्र फजिती झाली होती. सुट्टीत हेडसरांनी पटांगणात नवे ब्लॉक बसवून घेतले, हौसेने पांढरी रेघही पुन्हा मारून घेतली, आणि बाईंनी बादली ओतली तर सगळं पाणी उजवीकडे धावलं. बादली आणून देणारे प्रयोगशाळेचे सहायक पोट धरून हसले. हेडसर खजील होऊन म्हणाले, "उतार जरा चुकलाय वाटतं."

बाईंनी घरी ही गोष्ट सांगितली नव्हती. बाबांच्या जिवाला लागलं असतं.

त्यांनी तीन बाटल्या ओळीत मांडल्या आणि एकेक खिळा चिमट्याने बाहेर काढला. डाव्या ओढ्यातला खिळा निळसर घाणीने माखला होता, पुसला तर खाली काळं लोखंड. तळ्यातला जवळजवळ तसाच्या तसा. उजव्या ओढ्याच्या बाटलीत चिमटा गेला आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

तो खिळा तांबडा झाला होता.

३

गंज नव्हता तो. गंज खरखरीत असतो, बोटाला लागतो. हा नव्या भांड्यासारखा तांबूस, गुळगुळीत पापुद्रा होता. आठवीच्या मुलांना बाई हाच प्रयोग दाखवत. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड टाकलं की त्यावर तांबं चढतं. मोरचूद, ते निळे खडे. माशांना मारायला त्याची चिमूट पुरते.

पण उजव्या ओढ्यात? त्याचं पाणी तर काचेसारखं नितळ असतं, गावातले लोक त्यात पाय धुतात!

त्या तशाच रंगाऱ्याकडे गेल्या. तो फुटलेल्या खिडकीला पत्रा ठोकत होता. कोपरापर्यंत हात निळे.

"मोरचूद? आहे की," तो म्हणाला. "रंग पक्का व्हायला लागतो. तुम्हाला खोटं कशाला सांगू, बाई? पण मी तो पाण्यात ओतून कसं चालेल? मला विकत आणावा लागतो. माझं पाणी निळं असतं म्हणून सगळ्यांना दिसतं, एवढंच माझं नशीब."

"तुमचं पाणी चांगलं आहे असं नाही हं," बाई म्हणाल्या.

"नाहीच. पण बघा तरी."

निळीने त्यांना हाताला धरून शेडच्या खाली नेलं. निळसर डबक्यात बेडकांची पिल्लं शेपट्या हलवत होती. जिवंत, खोडकर. बाईंनी नवा खिळा पाण्यात धरला, बराच वेळ धरला. तो काळाच राहिला.

उजव्या ओढ्यावर एकच माणूस होता. बागवाले काका. ते झाडाखाली खाटेवर बसले होते, आणि प्रश्न पुरा होण्याआधीच भडकले.

"मोरचूद माझ्याकडे आहे, हो आहे! बुरशीला फवारतो. पण झाडावर फळं असताना कुठला शहाणा फवारतो? सगळ्या फळांवर डाग पडतील. डबा बघायचाय? या, बघा. झाकणावर कोळ्याने घर केलंय."

खरंच केलं होतं. पण कोळी काय, कुठेही घर करतो.

संध्याकाळी घरी बाबा पडवीत भिंग पुसत बसले होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, लहानपणी शाळेतली गोष्ट सांगावी तसं. तांबड्या खिळ्यापर्यंत आल्या तेव्हा बाबांचा हात थांबला.

"डाव्या ओढ्यातला ना?"

"नाही, उजव्या."

"उजव्या?" बाबांचा चेहरा एकदम उतरला. "शक्यच नाही. अगं, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. पोरं आहेत. उजव्या ओढ्यात कसं जाईल?"

"तेच शोधतेय."

ते न जेवताच आत जाऊन पडले. मास्तरांना आपल्या ओढ्यांची किती माया, असं बाईंना वाटलं. तेवढंच वाटलं.

४

सकाळी बाई मूठभर खिळे घेऊन उजव्या ओढ्याच्या तोंडाशी गेल्या, तर निळी तिथे आधीच बसलेली.

"शाळेत जायचं नाही का?"

"तिथे माझ्या बाकावर झेंडे ठेवलेत."

बाईंनी तिच्या हातात अर्धे खिळे दिले.

दोघी वर चढत गेल्या. प्रत्येक डबक्यात एक खिळा, थोडा वेळ थांबायचं, काढायचं, बघायचं. खालच्या डबक्यात तांबूस छटा. त्याच्या वरच्यात जरा जास्त. बागेच्या कुंपणाशी आल्यावर बाई थांबल्या. आता कुंपणाच्या वर खिळा काळा निघाला, की बागवाले काका सापडलेच.

बागेच्या वरच्या डबक्यातला खिळा निळीने काढला. तो खालच्यापेक्षाही तांबडा होता.

"म्हणजे काका नाहीत," ती हळूच म्हणाली. "पाणी काही चढत नाही."

"नाही. पाणी कधीच चढत नाही."

आणखी वर. झुडपं, दगड, शेवाळ. शेवाळ मेलेलं, पांढुरकं पडलेलं. शेवटचं डबकं एका भिंतीच्या पायाशी होतं. भिंतीतून एक नवा पाइप बाहेर आला होता. निळीने खिळा बुडवला आणि लगेच वर काढला. लखलखीत तांबडा. पाइपच्या ओठावर निळ्या खड्यांची किनार सुकलेली होती.

निळीने मान वर केली. भिंतीच्या पलीकडून प्रार्थनेची घंटा ऐकू आली.

"बाई," ती म्हणाली, "ही तर आपली शाळा."

५

 चोर शोधायला निघावं आणि पावलं आपल्याच उंबऱ्याशी यावीत, तसं झालं.

प्रयोगशाळेचं कपाट त्यांनी उघडलं. मागच्या फळीवर, जिथे जुन्या मोरचुदाच्या मोठाल्या बरण्या असत, तिथे बरण्या होत्या. रिकाम्या, घासून धुतलेल्या, पालथ्या घातलेल्या.

मुलं वर्गांत गेल्यावर त्या पटांगणात उतरल्या. खाली वाकून पाहिल्यावर ते दिसलं. ब्लॉकच्या फटींत निळी भुकटी अडकली होती. तिचा माग पांढऱ्या रेघेच्या डाव्या बाजूला, नळाजवळ सुरू होत होता, रेघ ओलांडत होता आणि सरळ उजवीकडच्या गटारात जात होता.

बाई तिथेच पायरीवर बसल्या.

हे काम कोण करू शकलं असतं? चाव्या तिघांकडेच. हेडसर, सहायक आणि त्या स्वतः. तपासणीआधी बरण्या रिकाम्या व्हाव्यात असं तिघांनाही वाटलं असतं. पण ज्याने ओतलं त्याने मुद्दाम रेघेच्या डावीकडे जाऊन ओतलं होतं. उजवीकडचं गटार तर प्रयोगशाळेला जवळ होतं. म्हणजे त्याला रेघेचा धडा पाठ होता. पाणी डाव्या ओढ्याला जावं, असं त्याला वाटत होतं. तो ओढा आधीच निळा. निळ्यात निळं गेलेलं कुणाला कळणार?

हेडसरांनी असं केलं असतं? ब्लॉक त्यांनीच बसवले. बादलीची फजिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

सहायकांनी? त्यांना बाईंनी गाठलं.

"मामा, आता इथे डावीकडे पाणी ओतलं तर कुठे जाईल?"

"उजवीकडे!" सहायकांना पुन्हा हसू फुटलं. "कुठेही ओता, उजवीकडेच. विसरलात होय बाई? आपली कशी जिरली ते?"

म्हणजे धडा माहीत असलेलं, पण या वर्षीची फजिती माहीत नसलेलं माणूस. चाव्या हाती येणारं माणूस. तपासणीची भीती रोज जेवताना ऐकणारं माणूस.

'उजव्या? शक्यच नाही.' सगळ्या गावाने विचारलं होतं, कुणी केलं? एकट्यानेच विचारलं होतं, उजवीकडे कसं जाईल?

बाईंनी तोंडावर हात दाबून धरला. त्यांना ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी, देवाशपथ, खिशातला तांबडा खिळा कुठेतरी खोल पुरून टाकावासा वाटला. संध्याकाळी रंगाऱ्याच्या शेडला टाळं लागलं की सगळं आपोआप मिटणार होतं.

मग त्यांना पाठीमागे लपवलेले दोन हात आठवले.

६

शाळा सुटल्यावर त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. पटांगण रिकामं होतं. पांढऱ्या रेघेशी पाण्याने भरलेली बादली ठेवलेली होती.

"हे काय गं?"

"बाबा, बादलीचा धडा दाखवा ना. कितीतरी दिवसांत तुमच्या हातचा पाहिला नाही."

बाबांनी मुलीकडे पाहिलं. मग बादली उचलली. नेम अजूनही तोच. बरोबर रेघेच्या मधोमध त्यांनी धार धरली. पाणी क्षणभर थबकलं आणि मग सगळंच्या सगळं उजवीकडे पळालं.

बादली हातातून निसटून घरंगळत गेली. बाबा वाकले, अगदी जमिनीला डोळे लावून पाहू लागले.

"पण डावीकडे जायचं होतं," ते पुटपुटले. "मी डावीकडे ओतलं होतं."

वाक्य बाहेर पडलं आणि दोघांनाही ते ऐकू आलं.

बाई त्यांच्या शेजारी खाली बसल्या. बाबा बोलू लागले.

"ती तपासणी. त्या बरण्या माझ्याच काळातल्या, आणि शिक्षा तुला होणार. रविवारी म्हटलं, मोकळ्या करून टाकू. डावा ओढा तसाही नासलेलाच, त्यात अजून थोडं. तिथे सगळं ओतलं, वर पाण्याची नळी सोडली आणि बरण्या घासायला आत गेलो. डोळ्यांना दिसत नाही, बघायलाही आलो नाही." त्यांनी चेहरा झाकून घेतला. "जन्मभर पोरांना सांगितलं, कुठलंच पाणी नासलेलं समजू नका, ते पुढे कुणाच्या तरी घरी जातं. आणि मीच!"

"मासे मेले तेव्हा बोलला का नाहीत? त्या माणसाच्या खिडकीवर दगड पडले, बाबा!"

"डाव्याच ओढ्याने मेले, म्हणजे माझ्याच हाताने, असं वाटलं तरी मी गप्प बसलो. तू म्हणालीस उजवा, तेव्हा म्हटलं, मग मी नसेन. रात्रभर तेच घोकलं. मी नसेन, मी नसेन." त्यांनी मान वर केली. "आणि मी बोललो तर तुझी नोकरी जाईल."

"जाईल," बाई म्हणाल्या.  "उठा. ते लोक टाळं घेऊन निघाले असतील."

रंगाऱ्याच्या अंगणात बरीच माणसं जमली होती. मधोमध टेबलावर मुलांचं मॉडेल, लाल झेंड्यांनी भरलेलं, आणि त्यामागे हेडसर. समितीच्या माणसाच्या हातात कुलूप होतं. रंगारी दाराला टेकून उभा होता. निळी त्याचा सदरा घट्ट धरून होती.

मास्तर आले तशी माणसं आपोआप बाजूला झाली. यांतल्या निम्म्यांना त्यांनी शिकवलं होतं.

"बरं झालं आलात मास्तर," हेडसर म्हणाले. "तुम्हीच समजावून सांगा यांना, पाणी कसं वाहतं ते."

बाबांनी सांगितलं. खिळा, भिंत, पाइप, बरण्या, सगळं. एकही गोष्ट त्यांनी गाळली नाही.  गोट्या आईचा हात धरून आला होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं. हेडसर मटकन खुर्चीत बसले. कुलूपवाल्या माणसाने कुलूप खिशात घातलं आणि तो जमिनीकडे पाहत राहिला. तो मास्तरांचा आवडता विद्यार्थी होता.

 रंगारी रागावला नाही, आणि ते सगळ्यांत अवघड होतं.

निळी टेबलापाशी गेली. आपल्या घरावरचे झेंडे तिने एकेक करून उपटले. शेवटचा उपटताना ती थांबली, शेडच्या खालच्या निळ्या डबक्याकडे तिने एकदा पाहिलं आणि तो एक तसाच राहू दिला. मग हातातल्या झेंड्यांतला एक निवडून ती मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा," ती म्हणाली, "हा कुठे लावू?"

मास्तरांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी झेंडा घेतला, दुसऱ्या हाताने शाडूचं टेकाड चाचपलं, चाचपत माथ्यापर्यंत गेले. शाळेचा ठोकळा बोटांना लागला. त्यांचा हात इतका कापत होता की झेंडा टोचेना.

तेव्हा निळीने आपली निळी बोटं त्यांच्या हातावर ठेवली आणि दोघांनी मिळून तो टोचला.